पेजेची वेळ आणि शाळेची घंटा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात कष्टाच्या दिवसाला एक ठरलेला थांबा असे, तो म्हणजे सकाळी दहा-अकराच्या सुमाराची पेज. पहाटे नांगर धरलेला माणूस, लावणीला उतरलेल्या बाया, गुरांमागे गेलेली पोरं, सगळ्यांच्या वाट्याला उकड्या तांदळाची ऊन पेज येई. सोबत मिठातली तोरं, म्हणजे कैऱ्या, नाहीतर भाजलेली सुकी मासळी. तुये, पार्से, मांद्रे या पट्ट्यातलं खाणं शेतीशी बांधलेलं होतं. खाडीकाठच्या खाजनात खारं पाणी सोसणारा कोरगुट भात, डोंगरउतारावर नाचणी, भात कापल्यावर ओलीवर येणारे कुळीथ आणि अळसांदे. भात उकडताना कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, म्हणून सडल्यावरही तो तांदूळ अगदीच निःसत्त्व होत नाही. या खाण्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पावसाळ्याच्या अखेरीस कणगी रिकामी झाली की पेज पातळ होत जाई आणि मुलं अर्धपोटी राहत. पण दिवसाच्या मध्यावर, काम चालू असतानाच शरीराला काहीतरी मिळालं पाहिजे, हे गावाला मान्य होतं. शाळेतल्या आहाराकडे आपण सरकारने केलेलं दान म्हणून पाहतो. मला ते शाळेचं देणं वाटतं, कारण मुलाला पेजेच्या वेळी घरापासून दूर नेलं ते शाळेनेच.

हे घडलं अलीकडे. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं, पण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत इथल्या बहुसंख्य मुलांना सरकारी शाळा दिसली नाही. देवळात किंवा कुणाच्या पडवीत चालणाऱ्या मराठी शाळा हाच काय तो आधार. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा दहातली जेमतेम तीन माणसं साक्षर होती. पेडण्यातच जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्या बहुतेक मराठी. गुराख्याचं पोर पहिल्यांदा बाकावर बसलं. या कामाचं मोल कितीही सांगितलं तरी कमीच. तरीही शाळा निघाली, चूल मात्र निघाली नाही. मद्रास महापालिकेने १९२० च्या सुमारास आपल्या शाळांत मुलांना खाऊ घालायला सुरुवात केली होती, आणि मद्रासचे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ पासून ती कल्पना राज्यभर नेली. देशपातळीवरची योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ ला, तीही बऱ्याच राज्यांत महिन्याला तीन किलो कोरड्या धान्याच्या रूपात. पिशवीतून घरी गेलेलं धान्य घरातल्या सगळ्या तोंडांत वाटलं जातं आणि वर्गात बसलेलं मूल उपाशीच राहतं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्यायचा आदेश दिला, त्यानंतर चित्र पालटलं. गोव्यात हे काम महिला मंडळांच्या आणि स्वयंसाहाय्य गटांच्या हाती आलं.

शाळेतल्या जेवणाने शिकण्यात काय फरक पडतो? तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांच्या अभ्यासात, पाच वर्षं आहार मिळालेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचे वाचनाचे गुण वर्षभराहून कमी काळ आहार मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी, तर गणिताचे ९ टक्क्यांनी अधिक निघाले. आंध्रातल्या एका अभ्यासात दुष्काळाने खुंटलेली लहान मुलांची वाढ शाळेतल्या जेवणाने बरीचशी भरून निघाल्याचं दिसलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आणखी पुढे जातं: ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळालं, त्या आई झाल्यावर त्यांच्या बाळांची उंची वयाच्या मानाने बरी होती. जेवणामुळे अभ्यासाची वेळ वाया जाते, असं म्हणणाऱ्यांनी या आकड्यांपाशी थांबावं.

गोवा सधन आहे, डबा द्यायला आईबाप समर्थ आहेत, हा आक्षेप अधिक वजनदार. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा वयाच्या मानाने बुटका आढळला, आणि निम्म्याच्या आसपास मुलांत रक्त कमी. हीच मुलं पुढे पहिलीत येतात. तुयेला औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या आईने डबा कधी करायचा? शिवाय गरिबांची मुलं निवडून त्यांनाच वाढलं, तर ताटाला लाज चिकटते. अन्न सगळ्यांना एकाच पंगतीत मिळावं, ते यासाठी.

विषबाधेची भीती खरी आहे. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. त्यातून धडा घ्यायचा तो देखरेखीचा: धान्य कुठे साठवलं, तेल कशात ठेवलं, मुलांआधी कुणी चाखलं. आणि गटांची बिलं महिनोन्महिने थकवून चांगल्या भाजीची अपेक्षा धरता येत नाही. गोव्यात अशा तक्रारी वारंवार झाल्या आहेत.

माझी खरी तक्रार मात्र पावाबद्दल आहे. प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. गोव्यातल्या शाळांत वर्षानुवर्षं दिसणारी पावभाजी पोट भरते, मुलांना आवडते, वाटायलाही सोपी. पण मैद्याच्या पावातून वाढत्या हाडांना फारसं काही मिळत नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, कुळथात आणि अळसांद्यांत पाचवा हिस्सा प्रथिनं. मुलं नाचणी खात नाहीत असं सांगितलं जातं. गूळ-खोबरं घातलेलं नाचणीचं सत्त्व त्यांच्यापुढे नियमाने ठेवून पाहायला हवं. अळसांद्यांचं तोंडाक आणि उकड्या तांदळाचा भात रांधायला या गटांतल्या बायांना कुणी शिकवावं लागणार नाही. त्यांना लागेल तो तालुक्यातल्या शेतकऱ्याकडून थेट खरेदी करण्याचा अधिकार आणि त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी हातात आलेले पैसे.