दस्तऐवजाची पूर्तता व दुरुस्ती : राजपत्रापासून नोटरीच्या दाखल्यापर्यंत

भोसलेकालीन मोडी सनद आणि नागपूरच्या न्यायालयाच्या परिसरात नोटरीपुढे ठेवले जाणारे प्रतिज्ञापत्र यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. लिपी वेगळी, शासन वेगळे, कायदाही वेगळा. तथापि दोहोंच्या विश्वसनीयतेचा प्रश्न एकच आहे. मजकूर कोठे संपला, त्यात बदल झाला असल्यास तो कोणी व केव्हा केला, आणि त्याची जबाबदारी कोणावर, हे त्या कागदावरूनच कळले पाहिजे. इतिहासाचा अभ्यासक बहुधा मजकुराकडे पाहतो. मजकुराला पुरावा बनविणाऱ्या या क्रियांकडे त्याचे दुर्लक्ष होते.

मराठी राज्यव्यवहारात या क्रिया वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे वाटून दिलेल्या होत्या. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या अष्टप्रधानांच्या कानुजाबत्यात राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणे अक्षर शुद्ध करणे हे पंत सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, कर्तव्य सांगितले आहे. म्हणजे चूक दुरुस्त करणे ही लेखकाच्या मर्जीची बाब नव्हती; तो एका प्रधानाचा अधिकार होता. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि शिक्का करणारा तिसरा, अशी ही रचना होती. एकट्याला कागद बिघडविणे अवघड व्हावे, हा तिचा परिणाम होय.

कागदाच्या घडणीतही हीच सावधगिरी दिसते. मोडी लेखनात प्रथम ओळभर रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरे लिहीत. त्यामुळे मागाहून शब्द घुसविण्यास जागा थोडीच राही. सुहूर सन अंकांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहिण्याची पद्धत होती. अंकाला एक फाटा जोडणे सोपे, संपूर्ण शब्द बदलणे कठीण. मजकूर संपला की शेवटी मोर्तब होई. शिवाजीमहाराजांच्या मोर्तबेवर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे होती, तर पेशवाईत ‘लेखनसीमा’ हा शिक्का रूढ होता. दोहोंचा आशय एकच : लेखनाची मर्यादा येथे संपली. त्या खाली आलेले अक्षर कोणाचेही असले तरी ते राजपत्राचे नव्हे. यानंतर ‘रुजू’ आणि ‘बार’ यांसारखे दप्तरी शेरे येत. हातातील पत्राची दप्तराशी सांगड त्यांमुळे पडे आणि संशय आल्यास ताडून पाहण्याची सोय होई.

गावपातळीवर हेच कार्य साक्षीदार करीत. वतनाच्या महजरावर ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची खूण करी. पाटलाच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. ही निशाणी म्हणजे निरक्षराची अगतिकता नव्हे. अमुक व्यक्ती समक्ष हजर होती, एवढेच ती सांगते. आणि आजच्या प्रमाणपत्राचाही गाभा तेवढाच आहे.

याच शतकात गोमंतकात पोर्तुगीज अमलाखाली वेगळी परंपरा चालू होती. १६०३ च्या फिलिपिन संहितेने तेथील तबेलियाँवावर, म्हणजे दस्तलेखकावर, असे बंधन घातले होते की दस्तात खाडाखोड झाली किंवा ओळींमध्ये मजकूर वाढविला तर त्याचा उल्लेख दस्ताच्या अखेरीस, पक्षकार व साक्षीदार यांच्या सह्या होण्यापूर्वी करावा. मराठी दप्तराचा भर पुढील फेरफारास जागा न ठेवण्यावर होता. पोर्तुगीज पद्धतीचा भर झालेला फेरफार कबूल करण्यावर होता. आधुनिक कायद्यात या दोन्ही तत्त्वांना स्थान मिळाले आहे.

नागपुरात या प्रश्नाला निराळी धार आली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक मरण पावले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. परस्परांची अक्षरे व चिन्हे ओळखणारा दरबार नाहीसा झाला. सनदा मात्र लोकांच्या घरी राहिल्या. ज्याची जमीन अशा कागदावर अवलंबून होती, त्याच्या बाजूने बोलणारे आता त्या कागदावरील शिक्के व शेरे एवढेच उरले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हेच शहर मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. शासने बदलतात, दस्तऐवज त्यांच्याहून दीर्घायुषी असतो. म्हणूनच तो अपरिचितालाही पटेल असा पूर्ण असावा लागतो.

१९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २० नुसार ओळींमधील मजकूर, कोरी जागा, खाडाखोड किंवा फेरफार असलेला दस्त, लिहून देणाऱ्यांनी त्या ठिकाणी सही वा आद्याक्षरे केली नसतील तर, नोंदणी अधिकारी नाकारू शकतो. दस्त नोंदविला तर या गोष्टींची टीप त्याला नोंदवहीत करावी लागते. नोटरी कायदा १९५२ मध्ये संमत होऊन १४ फेब्रुवारी १९५६ रोजी अमलात आला. त्याच्या कलम ८ प्रमाणे नोटरीची सही व अधिकृत शिक्का असल्याखेरीज कोणतेही कृत्य नोटरीचे ठरत नाही. १९५६ च्या नियमांनी शिक्का गोल व ५ सेंटिमीटर व्यासाचा ठरविला आणि नोंदवही आवश्यक केली. जुना मोर्तब आणि जुना बार येथे नव्या रूपात भेटतात.

भेद एवढाच की सचिव, शिक्केकरी आणि दप्तरदार यांची कामे आता एकाच व्यक्तीकडे आली. त्यामुळे तिच्यावरील भारही वाढला. प्रमाणपत्रावरील दिनांक सही प्रत्यक्ष झाली त्या दिवसाचाच हवा. पक्षकाराच्या सोयीसाठी मागचा दिवस घालणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे होय. कोरी जागा रेघ ओढून बंद करावी. चुकलेला शब्द खरडून किंवा रंग लावून नाहीसा करू नये. मूळ अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शुद्ध शब्द लिहावा आणि तेथे आद्याक्षरे करावीत. दुरुस्ती दस्ताच्या मजकुरात असेल तर पक्षकाराने ती सहीपूर्वी मान्य करावी. प्रमाणपत्राच्या शब्दांत असेल तर ती नोटरीनेच करावी. कागद हाताबाहेर गेल्यावर चूक आढळल्यास पक्षकाराने तीवर लेखणी चालवू नये. तो नोटरीकडे परत न्यावा आणि नवे प्रमाणपत्र त्या दिवसाच्या दिनांकाने व नव्या नोंदीने घ्यावे, हा सुरक्षित मार्ग होय.

खाडाखोड नसणे हे खरेपणाचे लक्षण मानण्याची सवय अभ्यासकांतही आढळते. वस्तुतः मोकळेपणी केलेली दुरुस्ती लिहिणाऱ्याची जबाबदारी प्रकट करते आणि लपविलेली दुरुस्ती सबंध कागद संशयास्पद करते. जुन्या दप्तरातील शेरे, निशाण्या आणि जोड हे मजकुराइतक्याच काळजीने वाचले पाहिजेत, ते याच कारणास्तव.