तळटीप : राष्ट्रप्रमुख

एकपक्षीय समाजवादी देशात हे पद मानाचे. हुकूम चालतो तो बहुधा पक्षाच्या सरचिटणिसाचा. मिखाईल कालिनिन १९१९ ते १९४६ सोव्हिएत राज्याचे नाममात्र प्रमुख होते. १९३८मध्ये त्यांच्याच पत्नीला अटक करून छावणीत धाडले गेले. तिची सुटका व्हायला १९४५ उजाडले. एवढ्या काळात फर्मानांवर सही कालिनिन यांचीच होत होती.

चीनने तर १९७५च्या घटनेत हे पदच ठेवले नाही. १९८२मध्ये ते परत आले.

भोर-वेल्ह्याच्या वाचकाला नाव एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा ही रीत ओळखीची वाटेल. १७४९मध्ये शाहू छत्रपती वारल्यावर सत्ता पुण्यात एकवटली, तरी पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच यायची. भोरचे पंतसचिव पेशव्यांसारखेच छत्रपतींच्या अष्टप्रधानांतले. तरीही १७५०च्या सुमारास सिंहगड त्यांच्या हातून नानासाहेब पेशव्यांकडे गेला. बदल्यात तुंग आणि तिकोना मिळाले. अर्थात छत्रपतींची गादी वंशपरंपरेची होती, कालिनिन पक्षाने बसवलेले. तुलना येथवरच ताणावी. सिंहगड गेला तरी राजगड-तोरण्याचा मुलूख मात्र पंतसचिवांच्या भोर संस्थानात राहिला, ८ मार्च १९४८च्या विलीनीकरणापर्यंत. — संपादक