हरणाचं अंथरूण कोण राखणार?

'चराऊ कुरण' हा शब्द आपण आता एकाच अर्थानं वापरतो. अमकं खातं म्हणजे चराऊ कुरण, तमक्यानं योजनेचं कुरण केलं. पण कुरण म्हणजे मुळात जिथं वाटेल तेव्हा चरायला बंदी आहे अशी जागा. राखलेलं गवत. शब्दाचा अर्थ इतका उलटा झाला, यातच बराचसा इतिहास आला.

हे आठवायचं कारण एक बैठक. गावच्या माळावर झाडं लावायची, खड्डे घ्यायला जेसीबी सांगायचा, असं ठरत होतं. "माळ नुसता पडून आहे," असं जो तो म्हणत होता. कोपऱ्यात बसलेले एक धनगर आजोबा म्हणाले, "पडून कुठं हाय? हरणी पाडसं तिथंच ठेवत्यात." लोक हसले, विषय पुढं गेला. आजोबांचं ते वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

आजोबा खरंच बोलत होते. काळविटाची मादी व्याली की पहिले काही दिवस पाडसाला कळपात आणत नाही. उंच गवतात त्याला निजवते आणि स्वतः लांब चरत राहते. दूध पाजायला तेवढी येते, चाटूनपुसून त्याचा वास मोडते आणि परत दूर होते. पाडूही हलत नाही. लांडगा-कोल्ह्यापासून त्याचं रक्षण पळून होत नाही, दडून होतं. मोठ्या हरणांना उलट मोकळा, आखूड गवताचा माळ लागतो, कारण त्यांची भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर. म्हणजे एकाच माळावर थोडं उंच गवत, थोडं आखूड गवत आणि मधे दाट झाडी नाही, असं सगळं जमून यावं लागतं. हे हरणाचं अंथरूण. (काळविटाची शिंगं दरवर्षी गळत नाहीत, म्हणून शास्त्र त्याला खऱ्या हरणांत धरत नाही. आपण मात्र हरीणच म्हणतो, मीही म्हणतो.)

आता गंमत बघा. हे अंथरूण सगळ्यात आधी नीट ओळखलं ते शिकाऱ्यांनी.

कौटिल्याचं अर्थशास्त्र काढून बघा. राजाच्या विहारासाठी मृगवन कसं करावं हे त्यात सांगितलंय. आत यायला एकच दार. भोवती खंदक. गोड फळांची झाडं, झुडपं, जाळ्या. उथळ पाण्याचं तळं. आणि एक अट अशी की झाडं काटेरी नसावीत. वाघासारखी जनावरं ठेवायची तर दात-नखं मोडून. हा सगळा थाट राजाच्या करमणुकीसाठी. पण त्याच्याच पुढं तो दुसरंही एक मृगवन सांगतो, जिथं सगळी जनावरं पाहुण्यासारखी राहतील. अभय दिलेलं जनावर मारणाऱ्याला दंडही सांगितलाय. शिकारीचं रान आणि अभयाचं रान ही दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी शेजारी आहेत.

दख्खनमध्ये कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर. त्यानं 12व्या शतकात मानसोल्लास नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात हरणांच्या शिकारीचे नाना प्रकार आहेत आणि पाळलेला चित्ता हरणावर सोडण्याचंही वर्णन आहे. हा खेळ पुढं विसाव्या शतकापर्यंत चालला. आपल्याकडे त्याचं मोठं ठिकाण कोल्हापूर आणि काठेवाडात भावनगर. राजर्षी शाहू महाराज आणि भावनगरचे भावसिंहजी महाराज हे राजकोटला आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबाच्या हाताखाली एकत्र शिकलेले, जिवलग मित्र. दोन्ही दरबारांत चित्ते होते. देशातले चित्ते मिळेनासे झाल्यावर दोन्ही संस्थानांनी आफ्रिकेतून आणवले.

चित्त्याची शिकार कुठंही होत नाही. तिला मोकळा माळ लागतो आणि माळावर कळप लागतो. कळप हवा तर गवत राखावं लागतं. भावनगर संस्थानात अशा राखीव गवताला 'वीडी' म्हणत. वेळावदरचं गवत हे त्यातलंच. पावसाळ्यात तिथं गुरं सोडायची नाहीत. गवत वाढून बी पडू द्यायचं. मग ठरल्या वेळी कापणी. रखवालदार ठेवलेला. परवानगीशिवाय शिकार नाही. गवत संस्थानाच्या घोड्या-गुरांना आणि दुष्काळात उपयोगी पडायचं. हरणाला निजायला जागा मिळायची ती या सगळ्याच्या सोबत, जवळजवळ फुकट.

आपली कुरणं हीच रीत. पेशवाईच्या कागदांत कुरणांचे उल्लेख जागोजाग आहेत. घोडदळ चालायचं ते गवतावर. पावसाळ्यात कुरण बंद, गवत तयार झालं की कापून गंजी रचायच्या. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं टिकली ती या शिस्तीवर. कारण सारखं चरलं की ही चांगली गवतं आधी जातात आणि कुसळी तेवढी मागं राहते. हे कोणाही मेंढपाळाला विचारा.

आता कोणी म्हणेल, ही राजेशाहीची आरती चाललीय. तसं नाही. कुरणातलं गवत कापायला आणि वाहायला गावकऱ्यांना वेठीला धरत. ज्याच्या शेतात राजाची हरणं शिरायची त्यानं दाद मागायची कुणाकडं? हरीण राखलं ते मारण्यासाठी, गवत राखलं ते लष्करासाठी, आणि किंमत मोजली ती गरिबानं. ही बाजू लपवून इतिहास सांगू नये.

पण एक गोष्ट मानावी लागते. त्या व्यवस्थेत गवताला नाव होतं, हद्द होती आणि जबाबदार माणूस होता. पुढं हे तिन्ही गेलं.

इंग्रजांच्या महसुलाच्या नजरेत जमीन दोनच प्रकारची: सारा देणारी आणि न देणारी. 1836 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी मोजणी सुरू झाली. सारा कमी झाला, शेतकऱ्याला दिलासा मिळाला आणि पडीक जमीन भराभर नांगराखाली आली. त्यात वाईट काही नाही, पोट आधी. पण 'पडीक' हा शब्द माळाला कायमचा चिकटला. आजही केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत माळरानं आणि गवती-झुडपी रानं मोडतात.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, राखणदार गेले, बंदुका आणि जीपगाड्या आल्या. माळावरचे कळप झपाट्यानं संपले. चित्ता तर देशातून गेलाच. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, शिकार हा गंभीर गुन्हा झाला. वेळावदर 1976 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आज ते सुमारे 34 चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडे कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी 1980 मध्ये अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्र किती? 2.17 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत हरणं वाढली आणि साहजिकच बाहेर पसरली.

म्हणजे जनावर वाचवायचा कायदा झाला. त्याच्या अंथरुणाचं काय?

वेळावदरच्या आसपास क्षार पुढं सरकू नये म्हणून वेडी बाभळ लावली गेली. तिथं तिला गांडो बावळ म्हणतात. ती गवतात शिरली, पसरली, आणि आता ती उपटून गवत मोकळं करावं लागतं. कौटिल्यानं नको म्हणून सांगितलेलं काटेरी झाड आपण मुद्दाम नेऊन लावलं! आपल्याकडेही तेच. माळ दिसला की खड्डे, चर, गिरिपुष्प. 2019 साली राज्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. झाडं लावू नका असं कोण म्हणेल? बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, रस्त्याच्या कडेला लावा, उघड्या पडलेल्या जंगलात लावा. पण गवताच्या माळावर झाडी केली की लांबचं दिसत नाही, आणि काळवीट तो माळ सोडतं. मग जातं कुठं? तुमच्या-माझ्या ज्वारीत, हरभऱ्यात. नुकसानीचा पंचनामा, भरपाईचा अर्ज, हेलपाटे. हरीण शेतात आलं म्हणून ओरडणारे आपण आणि त्याचं अंथरूण गुंडाळणारेही आपणच.

करण्यासारखं फार अवघड नाही. जुनीच शिस्त, फक्त वेठ आणि शिकार वगळून. माळाचा एक भाग पावसाळाभर बंद ठेवायचा, एक चराईला मोकळा, आणि दरवर्षी आलटून पालटून. गवत सगळं एका दमात कापायचं नाही, पट्टे ठेवून कापायचं, म्हणजे पाडसांना आडोसा राहतो. वणवा लावायचा नाही. वेडी बाभळ लहान असतानाच काढायची. गावची मोकाट कुत्री माळावर जाऊ नयेत हे बघायचं, कारण दडून बसलेलं पाडू लांडग्यापेक्षा आता त्यांच्याच तोंडी जास्त सहज लागतं. कापलेलं गवत गावच्याच गुरांना. आणि हे ठरवताना ज्यांची मेंढरं तिथं चरतात त्यांना आधी विचारायचं, कारण माळ त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही.

ग्रामसभेत ठराव करताना एक शब्द तेवढा बदलून बघा. 'पडीक' खोडा आणि 'कुरण' लिहा. पडीक जमिनीवर काहीही करता येतं. कुरण राखावं लागतं.

राजानं हरणाचं अंथरूण राखलं ते त्याला मारायचं होतं म्हणून. आपल्याला मारायचं नाही, हे चांगलंच आहे. पण मग ते राखायला आपल्यापाशी दुसरं कारण आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या गावात कुरण नावाचं शेत, माळ किंवा वस्ती आहे का? आज तिथं काय आहे? खाली लिहा. जुन्या माणसांना विचारून लिहिलंत तर आणखी चांगलं.