घड्याळ आणि नाडी
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या वर्षीं माझ्या मुलानें मला एक मनगटी घड्याळ आणून दिलें. सकाळीं फिरावयास निघालों कीं किती अंतर चाललों, कोणत्या गतीनें चाललों आणि त्या वेळीं हृदयाचे ठोके मिनिटास किती पडले, हें सारें तें सांगतें. लांब पल्ल्याचे धावपटू हल्लीं अशाच घड्याळाच्या आधारें सराव करितात. या एवढ्याशा तबकडींत दोन निरनिराळीं मापें एकत्र आलीं आहेत: एक जमिनीचें, दुसरें माणसाचें. तीं एकत्र कशीं आलीं, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

नाडी पाहणें आपणांस नवें नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीची गति सर्प, बेडूक, हंस यांच्या चालीच्या उपमेनें वर्णिली आहे. परंतु ती बोटांना कळणारी चाल होती, मोजलेली संख्या नव्हे. युरोपांत सतराव्या शतकाच्या आरंभीं पादुआ येथील वैद्य सांतोरिओ यानें लंबकाची दोरी कमीजास्त करून त्याची लय नाडीशीं जुळविली आणि दोरीच्या लांबीवरून नाडीचा वेग ठरविला. पुढें १७०७ सालीं जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानें बरोबर एक मिनिट चालणारें घड्याळ करवून त्यावर नाडी मोजण्याची रीत ग्रंथरूपानें मांडली. हीं साधनें अर्थातच रोग्यांसाठीं होतीं.

धावणाऱ्याच्या हातीं घड्याळ आलें तें मात्र नाडीसाठीं नव्हे. फिनलंडचा पावो नुर्मी हातांत घड्याळ धरून धांवत असे. प्रतिस्पर्ध्यांकडे न पाहतां तो आपली प्रत्येक फेरी ठराविक वेळांत पुरी करी. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें १५०० व ५००० मीटरांच्या दोन्ही शर्यती त्यानें एकाच दिवशीं, दोन तासांच्या आंत जिंकल्या. ह्या यशानें जगाला वेळेचा हिशेब शिकविला. तथापि त्या हिशेबांत शरीराचा खर्च कोठेंच लिहिलेला नव्हता.

तो खर्च मांडण्याचा यत्न १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत झाला. शिक्षक गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ राइंडेल यांनीं नियम घातला कीं धांवतांना ठोके १८० च्या आसपास जाऊं द्यावे, मग ते १२० वर येईपर्यंत विश्रांति द्यावी. दीड मिनिटांत ते तेथवर उतरले नाहींत तर श्रम प्रमाणाबाहेर झाले असें समजावें. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग यानें १९३९ सालीं मिलान येथें ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडलें. हा उच्चांक १९५५ पर्यंत टिकला. हार्बिग स्वतः मात्र १९४४ सालीं युद्धांत पडला.

येथें एक व्यावहारिक अडचण होती. नाडी मोजावयाची तर थांबावें लागे, आणि थांबतांच नाडी उतरूं लागे. ही अडचण दूर झाली ती पुन्हां फिनलंडांतच. ओउलू विद्यापीठांतील सेप्पो सायनायाकांगास यांनीं १९७७ सालीं पोलार ही कंपनी काढली. १९८२ सालीं तिनें छातीच्या पट्ट्यानें हृदयाचा विद्युत्-संकेत टिपून तो तारेवांचून मनगटावर पाठविणारें यंत्र बाजारांत आणलें. धांवतां धांवतां आपले ठोके पाहणें आतां शक्य झालें.

राहिलें अंतर. तें आकाशांतून आलें. अमेरिकेनें मुख्यतः लष्करासाठीं आंखलेल्या जी.पी.एस. योजनेचा पहिला उपग्रह १९७८ सालीं सुटला आणि १९९५ सालीं २४ उपग्रहांची मालिका पूर्णपणें कार्यान्वित झाली. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघालेला संदेश पोहोंचण्यास किती वेळ लागला, यावरून घड्याळ आपलें स्थान काढतें. त्याकरितां निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. वेळेंत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक पडते. नागरिकांस मिळणाऱ्या संदेशांत पूर्वीं मुद्दाम दोष ठेविलेला असे. तो २ मे २००० रोजीं काढून टाकण्यांत आला. त्यानंतर तीन वर्षांनीं गार्मिन कंपनीनें धावपटूंसाठीं मनगटावरचें जी.पी.एस. यंत्र विक्रीस आणलें. जमीन आणि नाडी मग लवकरच एका तबकडींत आलीं.

तरीहि आंकड्यांपुढें मान तुकविण्यापूर्वीं थोडें थांबावें. २२० मधून वय वजा केलें कीं ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते, हें सूत्र १९७० च्या सुमारास रूढ झालें; २००१ सालीं संशोधकांनीं दुसरें सुचविलें, २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा करावे. पासष्ट वर्षांच्या माणसास पहिलें १५५ सांगतें, दुसरें १६२. दोन्ही सरासरीच आहेत. प्रत्यक्ष माणूस त्यांच्या दहाबारा ठोके अलीकडे वा पलीकडे सहज असूं शकतो.

सरासरीनें माणूस मोजण्याची चूक मीं स्वतः केली आहे. शाळेंत व्यायामाचा तास पुष्कळ वर्षें माझ्याकडे होता. मैदानाला चार फेऱ्या, माझ्या हातीं स्टॉपवॉच आणि सर्वांस एकच वेळ. एक मुलगा नेहमीं शेवटीं येई. त्याला मीं साऱ्या वर्गासमोर आळशी म्हटलें, एकदां नव्हे, अनेकदां. त्याचा चेहरा लालबुंद झालेला असे, सदरा घामानें भिजलेला असे. तें मला दिसत होतें, पण माझ्या वहींत मिनिटें आणि सेकंद एवढींच सदरें होतीं. पहिला येणारा मुलगा गप्पा मारीत येई व शाबासकी घेऊन जाई. आतां चढावर माझेच ठोके दीडशेकडे जातांना पाहतों, तेव्हां वाटतें कीं त्या मैदानावर सर्वांत अधिक श्रम त्या शेवटच्या मुलाचे असावेत.

त्याची नाडी पाहण्यास मला उपग्रहांची गरज नव्हती. दोन बोटें पुरेशीं होतीं; मीं तीं कधीं लाविलीं नाहींत. आज मैदानावर मुलांना धांवविणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना माझी एवढीच विनंति आहे कीं, वेळ जरूर लिहावी, पण तिच्या शेजारीं नाडीचें एक सदर आंखावें आणि मगच मुलाविषयीं कांहीं बोलावें.