पाचच्या बटणावरचा ठिपका

एटीएमच्या बटणांवरून एकदा डोळे मिटून बोट फिरवा. पाचच्या आकड्यावर एक बारीकसा उंचवटा लागेल. आपण ते बटण शेकडो वेळा दाबलेलं असतं, पण ठिपका लक्षात येत नाही. अंध माणसाचं सगळं काम तिथून सुरू होतं. पाच सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. या ठिपक्यामागे मोठा इतिहास आहे.

बोटांनी वाचण्याची खटपट फार जुनी. तेराव्या-चौदाव्या शतकात बगदादमध्ये झैनुद्दीन आमिदी नावाचे अंध विद्वान होते. चौदाव्या शतकातल्या सफदी या लेखकाने प्रसिद्ध अंध व्यक्तींच्या चरित्रांचा एक ग्रंथच लिहिला, त्यात त्यांची हकिगत येते. पुस्तक विकत घेतलं की आमिदी कागदाची बारीक वळी करून तिला अक्षराचा आकार देत आणि ती पुस्तकाच्या आत चिकटवत. त्या अक्षरातून पुस्तकाची किंमत कळे. पुढे कधी किंमत आठवली नाही, तर बोट फिरवून ती वाचत. हिशेबासाठी दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती.

पॅरिसच्या लुई ब्रेलने आपली सहा ठिपक्यांची लिपी १८२९ साली छापून प्रसिद्ध केली. आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ या सगळ्या भाषा एकाच पद्धतीच्या ठिपक्यांत आल्या. पैशाच्या बाबतीत तर जुनी नाणी बरी होती. पाच पैसे चौकोनी, दहा पैसे नागमोडी कडांचे, वीस पैसे षटकोनी. खिशात हात घातला की नाणं ओळखू येई. पुढे गोल नाण्यांचा सुकाळ झाला आणि ती सोय गेली. अंधांना ओळखता येतील अशी नवी नाणी मार्च २०१९ मध्ये जाहीर झाली, त्यात वीस रुपयांचं नाणं बारा कडांचं आहे.

भारतात पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत लागलं. पहिलं बोलणारं एटीएम मात्र जून २०१२ मध्ये अहमदाबादला, युनियन बँकेचं. म्हणजे यंत्राला वाचा फुटायला पंचवीस वर्षं लागली. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सांगितलं होतं की नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी आणि ब्रेल बटणांची हवीत. १ जुलै २०१४ पासून प्रत्येक नव्या एटीएमला हा नियम लागू झाला. वापर सोपा आहे. हेडफोनची पिन खाचेत घातली की यंत्र कानात बोलू लागतं. रक्कम शेजारच्याला ऐकू जात नाही.

हे कागदावर. आमचे मामू एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते, आता अंबरनाथला राहतात. पाचवरच्या ठिपक्याशी त्यांची दोस्ती नोकरीपासूनची. पेन्शन काढायला ते एका एटीएमवर हेडफोन घेऊन गेले, तर खाच धुळीने बुजलेली. तिथला माणूस भला होता. म्हणाला, "चाचा, पिन सांगा, मी काढून देतो." मामू पैसे न काढताच परत आले. घरी एवढंच म्हणाले, "बेटा, तो चोर नव्हता. पण माझ्या पैशाची किल्ली मी प्रत्येक भल्या माणसाला द्यायची का?"

मतदानाचंही तेच. अंध मतदार आपल्यासोबत एक सोबती नेऊ शकतो. मत गुप्त ठेवण्याची हमी सोबत्याला लिहून द्यावी लागते, आणि एका दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. म्हणजे मत ही अमानत आहे हे कायद्यानेही मानलं. तरी सोबत्याला ते कळतंच. २००९ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभरातल्या मतदान यंत्रांवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये अनुक्रमांक आले. केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागायची, उमेदवाराचा क्रमांक वाचायचा आणि आत एकट्याने जाऊन तो दाबायचा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ज्यात येतं तो मुरबाड, तिन्ही विधानसभा मतदारसंघांत हा हक्क आहे. पण तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी आधी माहीत असावा लागतो.

आता नवी अडचण सपाट काचेची आहे. स्टेशनवरचं तिकीट यंत्र टचस्क्रीनचं. काचेवर ना ठिपका, ना कड. कल्याण सोडल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावं गाडी बोलून सांगते, अपंगांच्या डब्याची जागा फलाटावरचा बीप सांगतो, पण तिकिटासाठी मामूंना खिडकीच गाठावी लागते. उलट उल्हासनगरच्या बाजारात "शंभर रुपये प्राप्त झाले" असं ओरडणारा डबा दुकानदाराच्या सोयीसाठी आला, आणि अंध विक्रेत्याच्याही कामी आला.

राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगम्यतेचे काही निकष सक्तीचेच हवेत, नुसत्या शिफारशी पुरणार नाहीत. निकाल लागला, तरी खाचेतली धूळ कुणीतरी पुसावी लागते. म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी एटीएमवर जाल तेव्हा खिशातला हेडफोन त्या खाचेत घालून पाहा. आवाज आला नाही, तर त्याच दिवशी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या.