ब्रेकचं पेडल धडधडतं तेव्हा: भोर घाट ते गोरेगाव

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात होते गोरेगावातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून.

गेल्या पावसाळ्यात माझं काम घरूनच चालू होतं. इलेक्ट्रिक गाडी सहा आठवडे जवळपास उभीच. गणपतीनंतर एका सकाळी बॅटरी पूर्ण भरून बाबांना घेऊन निघालो. आरेच्या उतारावर ब्रेक दाबला आणि पेडल पायाखाली धडधडायला लागलं, स्टिअरिंगही थरथरलं. बाबांनी दरवाज्याचं हँडल घट्ट धरलं. घरी आल्यावर म्हणाले, "ब्रेकवर भरवसा नसेल तर गाडी विकून टाक." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, "डिस्क बेंड झाल्यात, पॅडसकट बदला." मोजलं मात्र काहीच नाही. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. बग परत परत काढून दाखवता येत नाही तोवर कोडला हात लावायचा नाही, ही सवय. म्हणून स्वतःच तपासायचं ठरवलं.

पण त्याआधी शंभर वर्षं मागे जाऊ, कारण या बगचं मूळ तिथे आहे.

3 फेब्रुवारी 1925ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. जानेवारी 1928मध्ये वीज बोरिवलीपर्यंत आली, म्हणजे आमच्या गोरेगाव स्टेशनातूनही विजेच्या लोकल जाऊ लागल्या. त्याच सुमारास घाटासाठी विजेची इंजिनं आली. त्यांचा वर्ग डब्ल्यूसीजी-1, लोकांनी दिलेलं नाव 'खेकडा'. त्यातलं एक वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये उभं आहे.

भोर घाटाचा चढ 37ला 1. एवढ्या उतारावर जड मालगाडी फक्त चाकावर ब्रेक घासून उतरवायची म्हणजे ब्रेक तापणार, झिजणार. खेकड्यात वेगळी युक्ती होती. उतारावर मोटरच जनरेटर व्हायची, गाडीला रोखायची आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत पाठवायची. चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती उपयोगी पडायची. आज आपण ज्याला 'रीजेन' म्हणतो ते हेच, फक्त तारेच्या जागी बॅटरी आली.

आता दुसरा धागा. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. डिस्कची ताकद जगाला दिसली 1953ला, ल मांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली तेव्हा. ड्रम तापून ढिले पडायचे, उघडी डिस्क वाऱ्यावर थंड व्हायची. म्हणजे डिस्कची लढाई होती उष्णतेशी.

इलेक्ट्रिक गाडीत हे दोन धागे एकत्र येतात आणि गंमत होते. रोजचं बरंचसं थांबणं मोटरच करते. डिस्क तापतच नाही. थंड, ओली, बिनकामाची राहते. लोखंडच ते, मुंबईच्या पावसात गंजणार. फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4ला मागे पुन्हा ड्रम बसवले, त्यामागे हेही एक कारण आहे.

तर आमची चाचणी. बॅटरी 100 टक्के असताना रीजेनला वीज ठेवायला जागा नसते, तेव्हा धडधड जोरात. 70 टक्क्यांवर, हळू ब्रेक मारला तर जवळजवळ नाहीच. रीजेन शून्यावर ठेवलं की पुन्हा हजर. म्हणजे मोटर निर्दोष, दोष पॅड आणि डिस्कमध्ये. एबीएस म्हणावं तर ते घसरताना करकरतं. ही धडधड चाकाच्या वेगाबरोबर कमीजास्त होत होती. स्टिअरिंग हलतंय म्हणजे बहुधा पुढची चाकं.

मग गोरेगाव पूर्वेच्या एका जुन्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या काकांनी चाक काढून डायल गेज लावला. डिस्क फिरताना 0.09 मिलिमीटर डुलत होती. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली, फरक 0.03. केसापेक्षाही कमी! आणि डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा स्पष्ट दिसत होता.

"बेंड नाही रे बाळा," काका म्हणाले, "जाडी सारखी राहिली नाही." जाड भाग पॅडखाली आला की पिस्टन मागे ढकलला जातो, ऑइलमधून तो धक्का पेडलपर्यंत येतो. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा. चाकाचा परीघ साधारण दोन मीटर धरला तर ताशी 36 किलोमीटरला सेकंदाला पाच धक्के.

काकांनी डिस्क उतरवून हबवरचा गंज ब्रशने साफ केला. तेवढ्यानेच डुलणं 0.03वर आलं. मग डिस्क गाडीवरच लेथने हलकी घासली, कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती अजून जाड आहे हे आधी बघून. पॅड नवे घातले. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळले. शेवटी रिकाम्या रस्त्यावर रीजेन बंद करून 60वरून 20पर्यंत दहा वेळा ब्रेक मारले, मध्ये थंड व्हायला वेळ देत. धडधड गेली. नव्या डिस्कचा खर्चही वाचला.

घाटातल्या इंजिनाला मोटरचा आधार होता, तरी गाडीचे घासणारे ब्रेक रोज कामात राहायचे. आजची लोकलसुद्धा वीज परत पाठवते, पण फलाटाला थांबताना शेवटी हवेचा ब्रेक लागतोच. आपण मात्र रीजेन मिळाल्यावर खरा ब्रेक विसरूनच गेलो. म्हणून आता दर रविवारी, मागे कोणी नाही बघून, रीजेन कमी करून चारपाच वेळा नीट ब्रेक मारतो. बाबा शेजारी बसलेले असतात. हँडल अजून धरतात, पण आता सवयीने.

तुमच्या गाडीचं पेडल धडधडत असेल तर डिस्क बदलण्याआधी एकच प्रश्न विचारा: मोजलंत का? भेटू पुढच्या भागात.