सौर कृषी पंप : पाण्याचा हिशेब आधी
सौर पंपामुळे रात्रीचे पाणी धरणे आणि डिझेलचा खर्च वाचतो. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही टळतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत लाभार्थी हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो.

ऊन कोवळे असताना पंप कमी पाणी फेकतो. त्यामुळे ठिबकचे मोठे सेट दुपारी चालवावेत आणि छोटे सेट सकाळ-संध्याकाळी. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या ओळीतील सगळ्या पॅनेलची वीज घटते. जागा निवडताना बांधावरची झाडे पाहावीत. पॅनेल सकाळी थंड असतानाच धुवावेत, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

खरा धोका विहिरीला आहे. बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालू राहतो आणि उन्हाळ्याआधीच विहीर तळ गाठते. ठिबक नसेल तर सौर पंपाची घाई करू नये, असे माझे मत आहे. अर्ज करण्यापूर्वी मे महिन्यात विहिरीत किती पाणी उरते ते मोजून ठेवावे.